केबल नसलेला स्विच

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करताना नेटवर्क ही माझ्यासाठी हातात धरायची गोष्ट होती. केबल सोलायची, आठ तारा रंगांप्रमाणे लावायच्या, आरजे-४५ कनेक्टर क्रिंप करायचा, टेस्टरवर एकापाठोपाठ एक दिवे लागले की पॅच पॅनेलवर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहायचा. कोणाचं नेट गेलं तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, “कुठल्या पोर्टला आहे?” रॅकपाशी जाऊन त्या पोर्टचा दिवा पाहिला की निम्मं निदान तिथेच व्हायचं.

मग विभागाने एक मोठा सर्व्हर घेतला. जुने डेस्कटॉप टप्प्याटप्प्याने काढायचे आणि विद्यार्थ्यांना त्या एकाच सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीनं द्यायची, असं ठरलं. लिनक्स, त्यावर केव्हीएम आणि मशीनं एकमेकांना जोडायला ओपन व्हीस्विच. गट तीन: विद्यार्थ्यांचा व्हीलॅन १०, शिक्षकांचा २० आणि परीक्षेचा ३०. परीक्षेच्या मशीनवर प्रश्नसंच असतात, म्हणून तो गट बाकीच्यांपासून पूर्ण तुटलेला हवा, ही अट विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच बैठकीत घातली होती. सर्व्हरच्या पाठीमागे मात्र नेटवर्कची केबल एकच. तीन गट, डझनावारी मशीनं आणि एक केबल! ही मशीनं नेमकी कुठे जोडली जाणार, हे मला कितीतरी वेळ उमगत नव्हतं.

मदतीला आमचाच एक माजी विद्यार्थी होता. तो आता पुण्यात डेटा सेंटरमध्ये काम करतो आणि प्रयोगशाळेत असल्यापासून मला ताई म्हणतो. त्याने फोनवर पहिली आज्ञा सांगितली. ओव्हीएस-व्हीएससीटीएल, मग ॲड-बीआर, मग नाव. एंटर दाबलं आणि बीआर० नावाचा स्विच तयार झाला. कुठे काही वाजलं नाही, काही लागलं नाही. यादी मागितली तर पडद्यावर तीन-चार ओळी आल्या. तोच स्विच.

“आता पुढची आज्ञा तुमच्या टेबलावरून देऊ नका,” तो म्हणाला. “सर्व्हररूममध्ये जा आणि मॉनिटर-कीबोर्ड जोडून तिथेच बसा.”

“का रे?”

“दिल्यावर दिसेल, ताई.”

पुढची आज्ञा सर्व्हरचं खरं नेटवर्क कार्ड या नव्या स्विचला जोडण्याची होती. ती दिली आणि सर्व्हर नेटवर्कवरून नाहीसा झाला. शेजारच्या लॅपटॉपवरून पिंग थांबलं. पण कार्डाचा दिवा हिरवाच होता, रॅकमधल्या स्विचवरचाही हिरवा होता, आणि सर्व्हरवर विचारलं तर कार्डावर आयपी पत्ता जसाच्या तसा दाखवत होता. दिवा आहे, पत्ता आहे, जोडणी नाही. माझ्या आजवरच्या निदानाच्या पद्धतीत अशा अवस्थेला जागाच नव्हती.

कारण ऐकल्यावर मी तिथल्या खुर्चीत बराच वेळ विचार करत बसले. कार्ड स्विचला जोडलं की ते फक्त त्या स्विचचा एक पोर्ट उरतं. त्यावर आलेली प्रत्येक फ्रेम आधी स्विचच्या हाती जाते, आणि कार्डावर लिहिलेल्या पत्त्याकडे कोणी बघत नाही. सर्व्हर आणि त्याचा स्विच एकाच डब्यात असले तरी सर्व्हरला आपल्याच स्विचला एका पोर्टातून जोडून घ्यावं लागतं. तो अंतर्गत पोर्ट ओपन व्हीस्विच स्वतःच बनवतो आणि त्याचं नाव स्विचचंच असतं, बीआर०. कार्डावरचा पत्ता काढून बीआर० वर ठेवला आणि पिंग परत सुरू झालं.

यानंतर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, सुरू केलं की यादीत व्हीनेट०, व्हीनेट१ अशी नावं दिसू लागली. हेच पोर्ट. लिनक्समध्ये त्यांना टॅप म्हणतात. त्याचं एक टोक स्विचमध्ये असतं आणि दुसरं व्हीएमला दिसणाऱ्या नेटवर्क कार्डाला. सराव म्हणून मी एका गटातल्या दोन मशीनमध्ये भलीमोठी फाइल पाठवली आणि सवयीने रॅकपाशी जाऊन उभी राहिले. सर्व्हरच्या पोर्टचा दिवा अधूनमधून लुकलुकण्यापलीकडे काही करत नव्हता. फाइल तर सर्रकन गेली होती. दोन्ही मशीनं एकाच सर्व्हरवर, एकाच गटात असली की त्यांच्या फ्रेम केबलपर्यंत येतच नाहीत, सर्व्हरच्या मेमरीतच इकडून तिकडे होतात. मग बीआर० वर टीसीपीडम्प हे फ्रेम टिपणारं साधन लावून बघितलं, स्विचचंच नाव आहे म्हणजे तिथे सगळं दिसेल या हिशोबाने. तिथेही त्या फाइलची एक फ्रेम नाही. बीआर० हा सर्व्हरचा स्वतःचा पोर्ट, तिथे सर्व्हरसाठी आलेलंच दिसणार. मशीनचं बघायचं असेल तर त्या मशीनच्या व्हीनेटवर जाऊन बसावं लागतं.

त्या वेळी मला खरी भीती वाटली. डोळ्यांनी काही दिसत नसेल तर परीक्षेचा गट तुटलेला आहे, हे मी मॅडमना कशाच्या बळावर सांगू?

तोवर व्हीलॅनची माझी ओळख वापरापुरतीच होती. ८०२.१क्यू हे मानक १९९८ मध्ये आलं, हे पुस्तकात होतं. आता मात्र फ्रेम उघडून बघण्याची वेळ आली. इथरनेट फ्रेममध्ये आधी जिथे जायचं त्याचा मॅक पत्ता आणि मग पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता असतो. व्हीलॅनचा टॅग त्यानंतर लगेच घुसतो. लांबी चार बाइट. पहिले दोन बाइट हेक्समध्ये ८१००, म्हणजे ‘पुढे टॅग आहे’ अशी सूचना. उरलेल्या सोळा बिटांपैकी बारा बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. बारा बिटांत ४०९६ क्रमांक बसतात, त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून १ ते ४०९४ वापरता येतात. वारीत एकाच रस्त्याने असंख्य दिंड्या जातात आणि प्रत्येकीचा क्रमांक पुढच्या फलकावर असतो, तसे एका केबलवरून तीन गट जाणार होते. अशा, सगळ्यांचे टॅग वाहणाऱ्या पोर्टला ट्रंक म्हणतात. एकाच गटाचा, विनाटॅग पोर्ट तो ॲक्सेस.

हे समजायला सोपं आहे. अवघड गोष्ट पुढे होती, आणि ती प्रत्येक नवशिक्याला कोणीतरी आधीच, ठासून सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रॅकमधल्या ज्या स्विचवर मी शिकले, तिथे नवा पोर्ट गुपचूप व्हीलॅन १ मध्ये बसतो. कोणी काही ठरवलं नाही तर तो एका गटात बंदिस्त असतो. ओपन व्हीस्विचमध्ये उलटं आहे. पोर्ट जोडला आणि टॅग दिला नाही तर तो पोर्ट ट्रंक असतो, आणि तोही सगळ्या व्हीलॅनचा. शिवाय हे वरून कळत नाही. व्हीएमला पत्ता मिळतो, इंटरनेट चालतं, विद्यार्थी खूश असतो.

“परीक्षेचं खरं मशीन जोडण्याआधी एक प्रयोग कराच,” असा आमच्या त्या माजी विद्यार्थ्याचा आग्रह होता. म्हणून मी एक रिकामं मशीन परीक्षेच्या गटात, टॅग ३० देऊन उभं केलं. दुसरं मशीन विद्यार्थ्याचं, नाव सराव-७, त्याला मुद्दाम टॅग दिला नाही. मग सराव-७ मध्ये विद्यार्थी म्हणून शिरले आणि त्याच्या कार्डावर ३० क्रमांकाचं व्हीलॅन उपकार्ड बनवलं. लिनक्स येणाऱ्या कुठल्याही तिसऱ्या वर्षाच्या मुलाला जमेल असं हे काम आहे. त्या उपकार्डाला परीक्षेच्या गटातला एक मोकळा पत्ता दिला आणि पिंग केलं.

उत्तर आलं. ओळीमागून ओळ येत राहिली.

विद्यार्थ्याच्या मशीनने स्वतःच फ्रेमवर ३० लिहिलं होतं आणि स्विचने ते मानलं होतं, कारण तो पोर्ट ट्रंक होता. सराव-७ च्या व्हीनेटवर टीसीपीडम्प लावला, फ्रेमचं शीर्षही दाखवणारा पर्याय घालून, तेव्हा प्रत्येक ओळीत व्हीलॅन ३० स्पष्ट दिसत होतं. माझ्या हातांना घाम आला होता. त्या जागी खरा प्रश्नसंच असता तर?

मग सराव-७ च्या पोर्टला टॅग=१० दिलं. एकच आज्ञा, मशीन बंद न करता. पिंग त्याच क्षणी थांबलं. टीसीपीडम्पमध्ये सराव-७ अजूनही ३० लिहिलेल्या फ्रेम पाठवताना दिसत होतं, पण स्विच त्या टाकून देत होता. नियम असा की ॲक्सेस पोर्टवर व्हीलॅन क्रमांक लिहिलेली फ्रेम आली तर ती टाकायची. तो क्रमांक त्याच पोर्टचा असला तरी टाकायची. मी उपकार्ड १० चं करूनही बघितलं. तेही गेलं नाही. टॅग लिहिण्याचा अधिकार फक्त स्विचचा.

मॅडमना मी हे दोन्ही पडदे शेजारी शेजारी उघडून दाखवले. दिव्याऐवजी दाखवायला आता माझ्याकडे काहीतरी होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सराव-७ बंद करून सुरू केलं, तर टॅग गायब.

यादीत त्याचा पोर्ट होता, पण नाव वेगळं आणि टॅगची ओळच नाही. म्हणजे तो पुन्हा सगळ्यांचा ट्रंक. रॅकमधल्या स्विचवर पोर्ट ७ ला दिलेला व्हीलॅन संगणक बंद केला, केबल काढली, वर्षभर काही लावलं नाही तरी तिथेच राहतो. पोर्ट ही पत्र्यातली जागा असते. इथे पोर्ट मशीनबरोबर जन्मतो आणि मशीन बंद झालं की जातो. ओपन व्हीस्विच आपली सगळी रचना एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतं. पोर्ट म्हणजे त्यातली एक नोंद, टॅग म्हणजे त्या नोंदीतला एक रकाना. व्हीएम सुरू करणारी लिबव्हर्ट ही प्रणाली दर वेळी नवा टॅप बनवते आणि त्याची नोंद नव्याने लिहिते. मी आदल्या दिवशी टॅग दिला होता तो व्हीनेटच्या नोंदीला. ती नोंदच राहिली नव्हती.

मग टॅग लिहायचा कुठे? मशीनच्या वर्णनात. लिबव्हर्टकडे प्रत्येक व्हीएमचं एक एक्सएमएल वर्णन असतं. त्यात नेटवर्क कार्डाच्या भागात जोडणी ओपन व्हीस्विचची आहे असं लिहायचं आणि त्याखाली व्हीलॅनचा टॅग द्यायचा. मशीन सुरू होताना लिबव्हर्ट पोर्ट बनवते तो टॅगसकटच. व्हीनेटचा क्रमांक काहीही येवो.

त्या रात्री घरी मी ओपन व्हीस्विचबद्दल वाचत बसले, कारण असा स्विच लिहावासा कोणाला आणि का वाटला हे मला कळायला हवं होतं. लिनक्समध्ये साधा ब्रिज तर आधीपासून होता. ओपन व्हीस्विच २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नायसिरा या कंपनीतून बाहेर आला. त्याचा कर्नलमधला भाग २०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये दाखल झाला, आणि त्याच वर्षी व्हीएमवेअरने नायसिरा सुमारे १२६ कोटी डॉलर देऊन घेतली. पण मला महत्त्वाचं वाटलं ते कारण. मोठ्या ठिकाणी व्हीएम एका सर्व्हरवर राहत नाही. चालू असताना ते दुसऱ्या सर्व्हरवर हलवतात. तेव्हा त्याचा व्हीलॅन, त्याचे नियम, त्याची ओळख हे सगळं त्याच्याबरोबर जायला हवं. ज्या भोकात ते काल लावलेलं होतं त्या भोकाला चिकटून राहिलं तर उपयोग नाही. हे वाचल्यावर सराव-७ चा टॅग का गेला याची माझी तक्रार मिटली. पोर्ट क्षणभंगुर आहे कारण मशीन चालतं-फिरतं आहे.

पोर्टच्या नोंदीत ही ओळख खरोखर लिहिलेली असते. व्हीनेटची नोंद उघडली की बाह्य ओळखीच्या रकान्यात कार्डाचा मॅक पत्ता, मशीनची लांबलचक यूयूआयडी आणि त्या कार्डाची वेगळी यूयूआयडी दिसते. ही शेवटची कार्डाबरोबर कायम राहते. मॅक पत्त्याने मला आधी बुचकळ्यात टाकलं होतं. मशीनच्या आतून पत्ता ५२:५४:०० ने सुरू होणारा, आणि बाहेर त्याच व्हीनेटचा पत्ता एफई:५४:०० ने सुरू होणारा, पुढचे आकडे तेच. पहिला मशीनच्या कार्डाचा, दुसरा टॅपच्या या टोकाचा. लिबव्हर्ट मुद्दाम एफई लावते, म्हणजे टॅपचा पत्ता सगळ्यांत मोठा ठरतो. ब्रिज आपल्या पोर्टांमधला सर्वांत लहान पत्ता स्वतःसाठी घेतो, आणि व्हीएम येता-जाता त्याचा पत्ता बदलू नये, ही त्यामागची काळजी. इतक्या बारीक जागी कोणीतरी असा विचार करून ठेवला आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं.

स्विचने शिकलेल्या पत्त्यांचा तक्ता मात्र मशीनच्या आतल्या पत्त्यांनीच भरतो. एफडीबी-शो अशी आज्ञा आहे. पोर्ट, व्हीलॅन, मॅक, आणि शेवटचं ऐकून किती सेकंद झाले, असे चार रकाने. तीनशे सेकंद काही ऐकू आलं नाही तर नोंद पुसली जाते. आता माझा दिवा म्हणजे हा तक्ता. मशीनचा मॅक त्यात योग्य व्हीलॅनसमोर दिसला तर पोर्टपर्यंत सगळं ठीक आहे, दोष पुढे शोधायचा.

एक कोडं तरीही राहिलं होतं. चालू मशीन विद्यार्थ्यांच्या गटातून शिक्षकांच्या गटात हलवलं. तक्त्यात मॅक २० समोर आला आणि मशीनचं नेट बंद पडलं. बघते तर पत्ता अजून जुन्याच गटाचा. खऱ्या स्विचवर आपण केबल काढून दुसरीकडे लावतो, संगणकाला जोडणी तुटल्याचं कळतं, तो डीएचसीपीकडे नवा पत्ता मागतो. इथे केबल कोणी काढलीच नव्हती. मशीनच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. यावर उपाय सापडला तो मला सगळ्यात आवडलेला आहे. लिबव्हर्टला आज्ञा देण्याच्या व्हर्श या साधनात डोमिफ-सेटलिंक अशी आज्ञा आहे. मशीनचं नाव, व्हीनेटचं नाव आणि डाउन. मशीनला वाटतं केबल निघाली. थोडं थांबून अप. त्याने नवा पत्ता मागितला, मिळाला, चालू झालं.

दर मशीनच्या वर्णनात हाताने टॅग लिहिणं मात्र मला सुरक्षित वाटेना. एखाद्या नव्या मशीनला तो लिहायचा राहिला की ते थेट सगळ्या गटांचा ट्रंक होणार. म्हणून आम्ही लिबव्हर्टमध्ये एकच नेटवर्क बनवलं आणि त्यात पोर्टगट ठेवले: विद्यार्थी, शिक्षक, परीक्षा. टॅग त्या गटांमध्ये लिहिला. मशीनच्या वर्णनात आता फक्त गटाचं नाव येतं. शिवाय चौथा गट केला, टॅग ९९९, आणि ‘काही सांगितलं नाही तर हाच’ असं त्याच्यावर लिहिलं. या व्हीलॅनमध्ये डीएचसीपी नाही, राउटर नाही, काहीच नाही. रॅकमधल्या स्विचवर तो पलीकडेही जात नाही. गट न सांगता बनवलेलं मशीन तिथे जाऊन बसतं आणि त्याला कोणीच भेटत नाही. नेट नाही म्हणून मालक माझ्याकडे येतो, आणि तेच हवं आहे. विभागात काहींना हे जाचक वाटलं, पण प्रश्नसंचाच्या बाबतीत मी यावर अडून राहिले.

रॅकमधला स्विच या साऱ्यात विसरून चालत नाही. सर्व्हरची ती एक केबल ज्या पोर्टला जाते तो तिथे ट्रंक करून १०, २० आणि ३० ला परवानगी द्यावी लागली. सर्व्हरचा स्वतःचा पत्ता विनाटॅग जातो. आणि व्हर्च्युअल स्विच आमच्या मांडणीत एका गटातून दुसऱ्या गटात काही नेत नाही. ते काम राउटरचं, तिथले नियम वेगळे लिहिलेले आहेत.

आता दुसरा सर्व्हर मंजूर झाला आहे. तो येण्याआधी कागदावर चार गोष्टी काढून ठेवल्या आहेत. त्याच्या पोर्टवर तेच तीन व्हीलॅन, स्विचचं नाव तिथेही बीआर०, नेटवर्कची व्याख्या आणि पोर्टगट अक्षरशः तेच, आणि दोन्ही सर्व्हरांवर एफडीबी-शो उघडून एखादं चालू मशीन हलवून बघायचं, ते एका तक्त्यातून निघून दुसऱ्यात त्याच टॅगसमोर येतं का. सुरुवात सराव-७ पासून. मग विद्यार्थ्यांची, मग शिक्षकांची. परीक्षेचं मशीन मी सगळ्यात शेवटी हलवणार आहे, आणि तेही त्या ३० क्रमांकाच्या उपकार्डाचा प्रयोग नव्या सर्व्हरवर पुन्हा करून झाल्यावरच.